गावाची उष्णता आणि पालिकेचा हिशेब

प्रारणाचे प्रकरण शिकवून संपले होते. मी फळा पुसत असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड साऱ्या जगाचा. मग हवामान बदलले तर त्यात आपल्या पालिकेने काय करायचे?" वर्गात खसखस पिकली. पालिका म्हटले की आपल्याला नळाची वेळ, तुंबलेली गटारे आणि रस्त्यावरचे खड्डे आठवतात. पृथ्वीचे तापमान कोणी तिच्या खात्यावर टाकत नाही. मला मात्र तो प्रश्न आवडला. त्याचे बरेचसे उत्तर मी नुकत्याच पुसलेल्या फळ्यावर होते. तासाला ते पुरे झाले नाही, म्हणून येथे सविस्तर मांडतो.

खानदेश इतका का तापतो?

जळगाव सुमारे २१ उत्तर अक्षांशावर आहे आणि धुळे त्याच्या किंचित दक्षिणेस. सूर्य कर्कवृत्ताकडे जात असताना मेच्या २४-२५ तारखेच्या सुमारास आपल्या बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या आसपास सरळ उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच गोळा होते. परतीच्या वाटेवर, जुलैच्या मध्यानंतर, सूर्य पुन्हा एकदा डोक्यावर येतो. पण तोवर मृगाचा पाऊस होऊन गेलेला असतो आणि आभाळ ढगांनी भरलेले असते. म्हणून आपल्याला भाजून काढतो तो मे महिनाच.

याला जमिनीचीही साथ असते. बेसाल्टपासून झालेली आपली काळी माती प्रकाश फार थोडा परत पाठवते. मेमध्ये कपाशीची शेते उघडी आणि कोरडी असतात. माती ओली असती तर उन्हाची बरीचशी ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात खर्च झाली असती. ती कोरडी असल्याने जवळजवळ सारी ऊर्जा माती आणि हवा तापवण्यात जाते. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर आणि मध्ये तापीचे सखल खोरे. मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंश सेल्सिअसवर गेला, तर आता कोणी आश्चर्य करत नाही.

हा झाला मूळचा उन्हाळा. त्यात आता भर पडत आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमध्ये कार्बन डाय-ऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. हा वायू सूर्यप्रकाशाला वाट देतो, पण तापलेल्या पृथ्वीकडून निघणारे अवरक्त प्रारण काही प्रमाणात अडवतो. परिणामी १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले.

"एवढेच?" असे तुम्ही म्हणाल. मग वर्गातील गुणांचे उदाहरण घ्या. प्रत्येक विद्यार्थ्याला पाच गुण वाढवून दिले, तर सरासरी पाचनेच वाढते. पण नव्वदच्या वर जाणाऱ्यांची संख्या कदाचित दुप्पट होते. सरासरी थोडी सरकली की टोकाकडची गर्दी फार वाढते. उष्णतेच्या लाटांचे असेच आहे.

पालिकेच्या हाती काय आहे?

१९९२ मध्ये ७४ वी घटनादुरुस्ती झाली आणि ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने राज्यघटनेला जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय आहेत. नगररचना, इमारतींचे नियमन, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, नागरी वनीकरण, उद्याने, रस्त्यांवरील दिवे हे त्यांपैकी काही. ही यादी भौतिकशास्त्राच्या चष्म्यातून पाहा. सूर्याची ऊर्जा गावावर पडल्यावर ती छपरात शिरणार, पानांत शिरणार की डांबरात, हे यातले बरेचसे विषय मिळून ठरवतात. किती ऊन पडावे हे पालिकेच्या हाती नाही. पडलेल्या उन्हाचे पुढे काय व्हावे, हे मात्र बऱ्याच अंशी आहे.

ही गोष्ट जळगाव-धुळ्याच्या महानगरपालिकांना जशी लागू आहे, तशीच अमळनेर, चोपडा, शिरपूर, दोंडाईचा यांसारख्या नगरपरिषदांनाही. तेव्हा आपण पालिकेचे एक खातेपुस्तकच उघडू.

पहिले खाते : छप्पर

शाळेची एक खोली घ्या, १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद. वर पत्रे. मेच्या दुपारी निरभ्र आकाशातून दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. छपराचे क्षेत्रफळ ६० चौ. मी. म्हणजे छपरावर ६० किलोवॅट! एक किलोवॅटच्या ६० विजेच्या शेगड्या त्या पत्र्यावर ओळीने पेटवून ठेवल्यासारखे हे झाले.

जुना, गंजलेला पत्रा यातील सुमारे तीन-चतुर्थांश ऊर्जा शोषतो, म्हणजे ४५ किलोवॅट. त्याच पत्र्यावर चुन्याचा दाट पांढरा हात दिला आणि त्याने ७० टक्के प्रकाश परत पाठवला, तर शोषण १८ किलोवॅटवर येते. २७ शेगड्या विझल्या, त्याही विजेचा एक युनिट न जाळता.

शोषलेली सगळी ऊर्जा खोलीत येत नाही हे खरे. बरीचशी वरच्या वाऱ्याबरोबर जाते. पण खाली येते ती कशी येते, ते पाहण्यासारखे आहे. तापलेला पत्रा खाली बसलेल्या मुलांच्या डोक्यावर प्रारण सोडतो, आणि प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. स्टीफन आणि बोल्ट्झमन यांचा हा नियम. समजा, गंजका पत्रा ७० अंशांवर (३४३ केल्व्हिन) आहे. त्याचे प्रारण दर चौ. मी. ला सुमारे ७८५ वॅट. पांढरा पत्रा ५० अंशांवर (३२३ केल्व्हिन) असेल तर ६१७ वॅट. मुलाच्या त्वचेचे तापमान ३५ अंश धरले तर त्वचाही उलट ५१० वॅट सोडते. वजाबाकी करा. पहिल्या खोलीत डोक्यावर निव्वळ २७५ वॅटचा मारा, दुसऱ्या खोलीत १०७ वॅटचा. दोन्ही खोल्यांतल्या हवेचे तापमान सारखेच असले तरी हा फरक उरतो. पत्र्याखाली बसलेल्याला "वरून आग येते" असे वाटते, ते शब्दशः खरे आहे. (येथे सोयीसाठी पत्रा आणि त्वचा पूर्ण कृष्णवस्तू मानली आहे. प्रत्यक्षातील आकडे थोडे कमी येतील, प्रमाण साधारण हेच राहील.)

मग नवा चकचकीत पत्रा का चालू नये? तोही प्रकाश परत पाठवतोच! येथे एक मेख आहे. चकचकीत धातू प्रकाश परावर्तित करतो, पण शोषलेली थोडी ऊर्जा अवरक्त रूपाने बाहेर टाकण्यात तो फार कंजूष असतो. म्हणून तोही तापतो. चुन्याच्या अंगी दोन्ही गुण आहेत. तो प्रकाश परत पाठवतो आणि स्वतःची उष्णता आकाशाकडे सहज सोडतो.

आपल्या आजोबांच्या पिढीचे धाब्याचे घर आठवा. लाकडी सऱ्यांवर मातीचा जाड थर. हातभर मातीतून दुपारची उष्णता खाली उतरायला आठ-दहा तास लागतात. ती आढ्याशी पोचेपर्यंत रात्र झालेली असते, आणि तोवर घरची मंडळी अंथरूण घेऊन धाब्यावर झोपायला गेलेली असतात. त्या घराने उष्णतेला वेळेच्या हिशेबात हरवले होते. मातीच्या जागी एक मिलिमीटरहून पातळ पत्रा आला, तेव्हा उष्णतेला खोलीत यायला काही मिनिटे पुरेशी झाली. गळती थांबली, उंदीर-विंचू गेले, दरवर्षी माती टाकण्याचा त्रास गेला, हे फायदेही खरे आहेत. म्हणून पत्रे काढा असे मी म्हणणार नाही. ते पांढरे करा, असे म्हणेन.

पालिकेने काय करावे? पहिल्या वर्षी आपल्या शाळा, दवाखाने आणि भाजीबाजाराचे ओटे यांवरील छपरे होळीनंतर पांढरी करावीत. दुसऱ्या वर्षापासून नव्या इमारतींच्या परवान्यात तशी अट घालावी. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत-छपरांचे असे धोरण राज्यभर जाहीर केले आहे. चुना पावसाने धुपतो आणि धुळीने मळतो. म्हणून हे काम दरवर्षीचे आहे, आणि अंदाजपत्रकातही ते दरवर्षी दिसले पाहिजे.

दुसरे खाते : झाड आणि पाणी

एका मोठ्या झाडाने दिवसभरात पानांवाटे १०० लिटर पाणी हवेत सोडले असे समजू. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २.४३ मेगाजूल अप्रकट उष्मा लागतो. तेव्हा १०० लिटरना २४३ मेगाजूल, म्हणजे सुमारे ६७ युनिट. दीड टनी वातानुकूलन यंत्र तासाला साधारण ५.३ युनिट इतकी उष्णता खोलीतून काढते. म्हणजे ते झाड अशा यंत्राचे साडेबारा तासांचे काम करते. शिवाय यंत्र ती उष्णता गल्लीत फेकते. झाड ती वाफेत बांधून वर पाठवते. सावली मिळते ती वेगळीच.

पण १०० लिटर पाणी आणायचे कोठून? खानदेशात हा प्रश्न टाळून झाडांविषयी बोलणे म्हणजे हवेत किल्ले बांधणे होय. कडुनिंबासारखे खोल मुळांचे झाड मोठे झाल्यावर आपले पाणी आपण शोधते. पहिले दोन-तीन उन्हाळे मात्र ते पाजूनच काढावे लागतात. त्यासाठी पिण्याचे पाणी कशाला? शुद्ध केलेले सांडपाणी पुरते. महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने नागरी भागांत वृक्ष प्राधिकरणाची तरतूद केलेली आहे. त्या प्राधिकरणाने लावलेल्या रोपांचा आकडा जरूर सांगावा. पण तिसऱ्या वर्षी जिवंत असलेल्या झाडांचा आकडाही फलकावर लिहावा. मोजणीला विद्यार्थी मिळतीलच.

पाण्याचा हिशेब गावाने मिळून ठेवायची रीत आपल्याला नवी नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात एका वर्षी एकच पीक. नदीला पाणी किती आहे ते पाहून कोणत्या फडात काय पेरायचे हे सर्वांनी मिळून ठरवायचे, आणि पाटकऱ्याने ठरल्याप्रमाणे पाणी द्यायचे. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवत. कोणाचे शेत बुडाले आणि कोणाचे तरारले असे होऊ नये, म्हणून तंगी सर्वांनी वाटून घ्यायची. आजच्या काळातले उदाहरण हवे असेल तर साक्री तालुक्यातील बारीपाडा पाहा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी १९९० च्या दशकापासून कुऱ्हाडबंदीचे नियम करून शेकडो हेक्टर जंगल राखले. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. तेथे नियम गावाने केला आणि गावानेच पाळला. पालिकेच्या वॉर्डात हे साधणे अवघड आहे, कारण शहरात माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. तरी पाण्याचे वेळापत्रक आणि झाडांची जबाबदारी वॉर्डनिहाय जाहीर केली, तर निम्मे काम होते.

तिसरे खाते : वेळ

मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची मोठी लाट आली. पुढे संशोधकांनी मृत्यूंच्या नोंदी मागील वर्षांशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाल्याचे आढळले. यातील बहुतेकांच्या दाखल्यावर 'उष्माघात' हा शब्द नसणार. हृदय थांबले, मूत्रपिंड गेले, वय झाले होते, असेच लिहिले जाते. उष्णता चोरपावलांनी येते, म्हणून मोजणीशिवाय ती सापडत नाही.

त्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. तीत नवे यंत्र कोणतेच नव्हते. हवामान खात्याच्या अंदाजावरून रंगांचे इशारे द्यायचे, डॉक्टर-परिचारिकांना उष्माघाताची लक्षणे शिकवायची, पाणपोया वाढवायच्या, बागा दुपारी बंद न करता उघड्या ठेवायच्या. पुढच्या वर्षांत उष्ण दिवसांतील मृत्यू घटल्याचे अभ्यासांत दिसले. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी अशा योजना केल्या.

मात्र इशारा देताना नुसता पारा पाहून भागत नाही. घाम वाळला तरच शरीर थंड होते, आणि घाम वाळणे हवेच्या आर्द्रतेवर अवलंबून असते. म्हणून तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून दुसरे वाचन घ्यावे लागते. मेमध्ये तापमान ४३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फुग्याचे तापमान सुमारे २३ अंश येते. आपले कूलर मेमध्ये छान चालतात ते याचमुळे. जूनमध्ये तापमान ३६ वर उतरले पण आर्द्रता ६० टक्के झाली, तर ओला फुगा २९ अंशांवर चढतो. कूलर निकामी होतो, घाम वाळत नाही, आणि "उन्हाळा संपला" असे समजून आपण बेसावध राहतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. जळगावच्या मेच्या मानाने तेथला पारा त्या दिवशी कमीच होता; पण हवा समुद्रकाठची, दमट होती.

यातून पालिकेने घ्यायचा धडा सरळ आहे. रस्ते झाडण्याचे, गटारे उपसण्याचे आणि बांधकामाचे काम पहाटे व्हावे. दुपारचे समारंभ टाळावेत. दवाखान्यात बर्फ आणि क्षारसंजीवनी हाताशी असावी. आणि हातगाडीवाल्याला दुपारी दोन वाजता बसायला एक तरी सावलीची जागा असावी.

चौथे खाते : पंप

आतापर्यंत आपण झळ कमी करण्याविषयी बोललो. कारण कमी करण्यातही पालिकेचा वाटा आहे. एक घनमीटर पाणी १०० मीटर उंचीइतक्या दाबाने चढवायला १००० × ९.८ × १०० = ९,८०,००० जूल, म्हणजे सुमारे ०.२७ युनिट लागते. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर ०.४५ युनिट. आता समजा, एखाद्या शहरात रोज एक कोटी लिटर (१०,००० घनमीटर) पाणी फुटक्या नळांतून वाया जाते. त्याबरोबर रोज ४५०० युनिट वीज वाया गेली. आपली बरीचशी वीज कोळशाची. भुसावळजवळ दीपनगरची धुराडी तुम्ही पाहिली असतील. देशाच्या सरासरीने एका युनिटमागे ०.७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड धरला, तर रोज तीन टनांहून अधिक वायू निव्वळ गळतीपोटी हवेत गेला. तहानेचा प्रश्न आणि हवामानाचा प्रश्न येथे एकाच फुटक्या नळातून वाहत आहेत. तो नळ दुरुस्त करायला आंतरराष्ट्रीय परिषद लागत नाही.

महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०२० पासून 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले. त्यात नगरपालिका आणि ग्रामपंचायतींना भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पाच घटकांतील कामाबद्दल गुण दिले जातात. तुमच्या गावाला कोणत्या घटकात कमी गुण मिळाले, हे विचारण्याचा अधिकार तुम्हालाही आहे.

मर्यादाही पाहू

सारे खानदेश पांढरे केले तरी मेचा पारा ४५ वरून ३५ वर येणार नाही. चुना खोली थोडी निववतो, झाड गल्ली निववते. सातपुड्यापासून अजिंठ्यापर्यंत पसरलेली तापलेली हवा त्याने बदलत नाही. जगाने कोळसा आणि तेल जाळणे कमी केले नाही, तर आज पुरणारा उपाय तीस वर्षांनी अपुरा पडेल. आणि पालिकेजवळ पैसा थोडा असतो, हेही आहेच. म्हणूनच जेथे रुपयामागे सर्वांत जास्त वॅट अडतात आणि जेथे माणसे सर्वांत असहाय्य असतात, तेथून सुरुवात करायची. माझ्या हिशेबाने ती जागा म्हणजे शाळेचे आणि झोपडीचे पत्र्याचे छप्पर.

मागच्या बाकावरच्या मित्राला माझे उत्तर एवढेच, की जगाची हवा सर्वांची असली तरी तुझ्या डोक्यावरचा पत्रा पालिकेच्या शाळेचा असू शकतो.

करून पाहा

दोन सारखे पत्र्याचे डबे घ्या. एकाला बाहेरून चुना लावा, दुसऱ्याला काजळी. दोन्हींत सारखेच पाणी भरा, झाकणाला भोक पाडून तापमापक बसवा आणि सकाळी नऊ ते अकरा उन्हात ठेवा. दर दहा मिनिटांनी वाचन घेऊन आलेख काढा. नंतर चकचकीत नवा डबा तिसरा म्हणून ठेवा. भर दुपारी हा प्रयोग करू नका.

विचार करा

१. चुना मळून त्याचे परावर्तन ७० वरून ५० टक्क्यांवर आले, तर वरील खोलीचे छप्पर किती किलोवॅट शोषेल?
२. हिवाळ्यात पांढऱ्या छपराचा तोटा होईल का? झाल्यास तो उन्हाळ्यातील फायद्याइतका का असणार नाही? सूर्याची उंची आणि दिवसाची लांबी लक्षात घ्या.
३. आपल्या शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ मोजा, मेच्या दुपारी त्यावर किती किलोवॅट पडतात ते काढा आणि चुन्याचा खर्च विचारून घ्या. हे तीनही आकडे एका कागदावर लिहून, मुख्याध्यापकांच्या सहीने, आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाकडे द्या.